‘जागृत’, ‘निद्रिस्त’, ‘मृत’: आफ्रिकेतील ज्वालामुखींच्या संदर्भात एक परिभाषाविचार

मराठी भूगोलग्रंथांतून ज्वालामुखींचे जागृत, निद्रिस्त व मृत असे त्रिविध वर्गीकरण रूढ आहे. या संज्ञा सुटसुटीत आहेत, यात संशय नाही. परंतु परिभाषेची खरी कसोटी सुबोधता नव्हे, अर्थनिश्चिती होय. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरील ज्वालामुखींना त्या लावून पाहिल्या म्हणजे त्यांचा कस लागतो.

आरंभी अडचण भासत नाही. कांगोतील न्यिरागोंगो १९७७, २००२ व २०२१ या साली फुटला. इथिओपियातील एर्टा आलेच्या विवरात लाव्हाचे सरोवर दीर्घकाळ धगधगत राहिले. यांस जागृत न म्हणावे तर कोणास म्हणावे? किलिमांजारोपाशी मात्र घोटाळा होतो. पर्वत एकच, पण त्याची शिरा व मावेन्झी ही शिखरे मृत आणि किबो निद्रिस्त मानतात. किबोच्या विवरातून वायू निघतात, म्हणजे निद्रिस्ताचा श्वास तेवढा चालू आहे!

या रूपकाची गंमत बाजूला ठेवली तरी एक तार्किक दोष उरतो. ‘जागृत’ हे प्रत्यक्षाचे विधान, ‘निद्रिस्त’ हे अनुमानाचे, तर ‘मृत’ हे भविष्याविषयीचे भाकीत होय. तीन भिन्न प्रमाणांवर उभ्या असलेल्या संज्ञा एका वर्गीकरणाच्या तीन पायऱ्या म्हणून मांडणे अशास्त्रीय आहे. शिवाय अनुमानाचा आधार पुष्कळदा लिखित नोंद हाच असतो, आणि नोंदीचा अभाव म्हणजे उद्रेकाचा अभाव नव्हे. एरिट्रियातील नाब्रोचा इतिहासात नोंदलेला पहिला उद्रेक २०११ च्या जूनमधला. एर्टा आलेच्याच रांगेतील हायली गुब्बी २३ नोव्हेंबर २०२५ रोजी फुटला. त्याच्याही पूर्वीच्या उद्रेकाची नोंद नव्हती. त्याची राख अरबी समुद्र ओलांडून उत्तर भारताच्या आकाशात आली व विमानांची उड्डाणे रद्द झाली.

ज्वालामुखींच्या आंतरराष्ट्रीय सूचींत होलोसीन कालखंडात, म्हणजे गेल्या सुमारे १२,००० वर्षांत, उद्रेक झाला किंवा नाही, हा निकष वापरतात. तो काहीसा यांत्रिक आहे खरा. पण त्यात भाकीत नाही. मराठीतही ‘नोंदित उद्रेकाचा’, ‘होलोसीनकालीन’ अशा संज्ञा योजता येतील. त्या बोजड आहेत, हा आक्षेप मान्य करूनही त्या अधिक प्रामाणिक आहेत, असेच म्हणावे लागते.

‘जागृत’ शब्दाला मराठीत आणखी एक वलय आहे. जागृत देवस्थान म्हणजे नवसाला पावणारे. तेथे जागृती ही अवस्था नसून स्थायी गुण आहे. टांझानियातील ओल दोइन्यो लेंगाई या नावाचा मासाई भाषेतील अर्थ ‘देवाचा पर्वत’ असा आहे. त्याला दोन्ही अर्थांनी हे विशेषण शोभावे. परंतु त्याचा कार्बोनेटयुक्त लाव्हा अवघा ५०० ते ६०० अंश सेल्सिअस तापमानाचा. दिवसा तो चिखलासारखा काळा दिसतो आणि थोड्याच काळात पांढरा पडतो. विशेषण जुळले, तर नामातील ‘ज्वाला’ सापडत नाही. उलट कांगडा येथील ज्या ज्वालामुखी देवीच्या स्थानी खरोखर ज्वाला आहेत, तेथे ज्वालामुखी नाही. त्या भूगर्भातील नैसर्गिक वायूच्या होत.

वर्गीकरणाचा सर्वांत गंभीर पराभव कॅमेरूनमध्ये दिसतो. ज्वालामुखीच्या विवरात साचलेल्या न्योस सरोवराच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड विरघळून राहिला होता. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री तो एकाएकी उसळला, हवेहून जड असल्याने दऱ्यांत उतरला आणि सुमारे १,७०० माणसे व हजारो गुरे गुदमरून मेली. ना लाव्हा, ना राख, ना ज्वाला. तळाचा वायू नळावाटे हळूहळू बाहेर सोडण्याची कायम व्यवस्था २००१ साली सुरू झाली. हे विवर जागृत, निद्रिस्त की मृत, याचे उत्तर प्रचलित कोष्टकाच्या एकाही रकान्यात मिळत नाही.