नखी की उघडे बोट?
पेडल स्टील गिटारच्या नादाविषयी काही विचार

तंतुवाद्याविषयी लिहिताना आपले लक्ष बहुधा वादकाच्या डाव्या हाताकडे असते. मींड किती लांबली, स्वर नेमका लागला की नाही, याची आपण चर्चा करतो. वास्तविक स्वराचा जन्म उजव्या हाताच्या बोटापाशी होतो आणि जन्मतःच त्याचा निम्मा स्वभाव ठरून जातो. पेडल स्टील गिटारच्या वादकांमध्ये एक वाद दीर्घकाळ चालत आलेला आहे: तारा नख्या घालून छेडाव्यात की उघड्या बोटांनी? प्रश्न कारागिरीचा वाटतो. परंतु त्याच्या पोटात नादसौंदर्याचा एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे. त्याचाच येथे विचार करावयाचा आहे.

हे वाद्य आपल्याकडे क्वचितच दिसते. त्याच्या कुळातील हवाईयन गिटार मात्र आपल्या परिचयाची आहे. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत पं. ब्रिजभूषण काबरा यांनी गिटार वाजविली ती याच परंपरेतील. पेडल स्टील हे चार पायांवर उभे केलेले, मेजासारखे वाद्य. त्यावर बहुधा दहा तारांची एक पट्टी असते, कधी दोन पट्ट्याही असतात. डाव्या हातातील पोलादी गोल कांब तारांवरून सरकत जाते. डाव्या पायाखालची पेडले आणि गुडघ्यांनी ढकलावयाच्या तरफा काही ठराविक तारांचा स्वर चढवितात वा उतरवितात. उजवा पाय आवाज लहानमोठा करणाऱ्या पेडलवर असतो. उजव्या हाताच्या अंगठ्यात प्लॅस्टिकची, तर तर्जनी व मध्यमेत धातूची नखी घालण्याचा प्रघात आहे. ही नखी बोटाच्या गादीवरून वळलेली असते, त्यामुळे एरवी तारेला भिडणारे मांस ती झाकून टाकते.

नखी आली कशासाठी? हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या तरुणाने पोलादाचा तुकडा तारांवर सरकवून वाजविण्याची रीत रूढ केली. पुढे ही गिटार अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील नाट्यगृहांत पोहोचली. त्या काळी वाद्याला विजेची जोड नव्हती. मोठ्या दालनात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज जावा, तर पोलादी तारांवर धातूचा आघात हवाच होता. १९३२ साली ‘फ्राइंग पॅन’ या टोपणनावाची विजेवरची स्टील गिटार बाजारात आली आणि ही अडचण संपली. आवाज वाढविण्याचे काम यंत्राने पत्करले. तरीही नखी गेली नाही. ज्या कारणासाठी ती आली, ते कारण उरले नसतानाही ती टिकली, याचा अर्थ तिच्या उपयोगाचे दुसरे काही कारण असले पाहिजे.

ते कारण वाद्याच्या पुढील वाटचालीत सापडते. वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या १९५४ साली गाजलेल्या गीतात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पेडल दाबले. स्वरसमूहातील एक आवाज स्थिर राहिला आणि दुसरा त्याच्याजवळून सरकत वर गेला. ऐकणाऱ्यांना हे नवीन होते आणि पुढे तीच या वाद्याची ओळख ठरली. असा सरकणारा आवाज इतरांपासून वेगळा ऐकू यावयाचा असेल, तर प्रत्येक तारेचा आरंभ रेखीव असावा लागतो. नखी तो रेखीवपणा देते. बडी एमन्स यांची १९६३ सालची ‘स्टील गिटार जॅझ’ ही ध्वनिमुद्रिका ऐकावी. सॉनी रॉलिन्स यांच्या ‘ओलिओ’ या रचनेची गती अशी, की स्वरांच्या कडा किंचित जरी बोथट झाल्या असत्या, तरी सारे एकमेकांत कालवले गेले असते. एमन्स यांच्या नख्यांतून प्रत्येक स्वर स्वच्छ, सुटा बाहेर पडतो.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. पेडल स्टीलवर स्वर काढण्यापेक्षा तो थांबविणे कठीण असते. तारांचा नाद दीर्घकाळ रेंगाळतो, आणि कांब पुढे सरकली की मागे राहिलेला स्वरही तिच्यासवे फरफटत येतो. म्हणून वादकाला मागचा स्वर दाबून पुढचा काढावा लागतो. एका पद्धतीत तळहाताची कडा तारांवर टेकवून नाद मिटवितात. दुसरीत, ज्या बोटाने तार छेडली तेच बोट लगेच तिच्यावर परत येते. ही दुसरी पद्धत उघड्या बोटांच्या बाजूने सर्वांत सबळ पुरावा देते. कंप पावणाऱ्या तारेवर धातू टेकला, की सूक्ष्मशी खरखर उमटू शकते. ती टाळण्यासाठी वर्षानुवर्षे साधना करावी लागते. बोटाची मऊ गादी मात्र तार निःशब्दपणे थांबविते. शिवाय स्पर्शाने तार ओळखता येते, नखी आड आली की ही ओळख अंधुक होते.

उघड्या बोटांचे समर्थक आणखी एक मुद्दा मांडतात: मांसाचा नाद अधिक गोल आणि मृदू. यावर नखीवाल्यांचे उत्तर ठरलेले आहे. आवाजाच्या पेडलने आघात झाकता येतो, मग बोट उघडे करण्याचे प्रयोजन काय? हे उत्तर मला अपुरे वाटते. पाय आघात लपवितो. बोट आघाताची जातच बदलते. पडद्याआड उभा असलेला मोठ्या आवाजाचा गायक आणि मुळात हळुवार गाणारा गायक यांत जो फरक, तोच येथे आहे.

हा वाद पेडल स्टीलपेक्षा पुष्कळ जुना आहे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये राहणारे दोन स्पॅनिश गिटारवादक, फर्नांदो सोर आणि दिओनिसिओ अग्वादो, याच प्रश्नावर भिन्न मताचे होते. सोर बोटाच्या मांसाने वाजवीत, अग्वादो नखांनी. १८३० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सोर यांनी नखांच्या नादाविषयी नापसंती दर्शविली, अग्वादो यांच्या वादनाचा मात्र अपवाद केला. पुढे आपल्या या मित्रासाठी त्यांनी ‘दोन मित्र’ या नावाचे युगुलवादनही रचले. मतभेद असूनही दोघे एकत्र वाजवू शकले, हे रसिकांच्या गटबाजीला चांगले उत्तर आहे.

आपल्याकडील उदाहरण अधिक बोलके आहे. पनवेलजवळ पळस्पे येथे ज्यांचे गुरुकुल होते, ते रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर (१९२९-१९९०) नखीवाचून वाजवीत. पण त्यांनी नखी काढली आणि वीणा होती तशीच ठेवली, असे घडले नाही. त्यांनी भोपळे मोठे केले, दांडी जाड केली, तारा अधिक जाड लावल्या आणि जवारी बदलून घेतली. उघड्या बोटाच्या मंद आघाताला पेलणारे वाद्य त्यांनी आधी घडविले. ध्रुपदाच्या संथ आलापीला जो खोल नाद हवा होता, त्यातून हे सारे बदल उगवले.

माझ्या मते या वादाची किल्ली येथे आहे. पेडल स्टीलची आजची घडण नखी गृहीत धरून झालेली आहे: तिच्या ताणलेल्या तारा, त्यांतील काही केसासारख्या बारीक, तिचे पिकअप, वाद्यवृंदातील तिचे स्थान. यांतले काहीच न बदलता कोणी केवळ नखी उतरवील, तर त्याच्या हाती मृदुता न येता क्षीणता येईल. ‘नैसर्गिक’ हा शब्द कलेत फसवा असतो. बोट नैसर्गिक आहे, हे खरे. परंतु पोलादी कांब, तरफा आणि वीज यांच्या मेळ्यात एकट्या बोटाच्या निसर्गाला कितीसे मोल?

त्याचबरोबर, नृत्यगृहात ठरलेले उत्तर सर्वकाळ बंधनकारक मानण्याचेही कारण नाही. सुझन अल्कॉर्न (१९५३-२०२५) यांनी हे वाद्य कंट्री संगीताच्या कुंपणाबाहेर नेले. कॅथलिक संगीतकार ओलिव्हिए मेसियाँ यांच्या मृतांच्या पुनरुत्थानाविषयीच्या १९६४ सालच्या रचनेने त्या भारावून गेल्या आणि तिच्या शीर्षकाचा प्रतिध्वनी त्यांनी आपल्या २००७ सालच्या ध्वनिमुद्रिकेच्या नावात उमटविला: ‘मी पेडल स्टील गिटारच्या पुनरुत्थानाची वाट पाहत आहे’, अशा अर्थाचे ते नाव. अशा विलंबित, मौनाने भरलेल्या संगीतात स्वराचा आरंभ किती तीक्ष्ण असावा, हा प्रश्न पुन्हा नव्याने विचारावा लागतो.

तेव्हा निर्णय असा: शिकणाऱ्याने नखी घालूनच शिकावे, कारण तिच्याशिवाय या वाद्याची भाषा उमगणार नाही. पुढे ज्याच्या कानात निराळा नाद घुमू लागेल, त्याने ती खुशाल उतरवावी. मात्र त्यासाठी तारा, पाय आणि गती या सर्वांची फेरमांडणी करण्याची तयारी ठेवावी. आणि श्रोत्यांनी वादकाच्या बोटांत काय आहे हे पाहण्यापूर्वी, एक स्वर संपून दुसरा कसा सुरू होतो, तेवढे डोळे मिटून ऐकावे.