तपकिरी रंगावर किती भिस्त?

अर्बुदात एखादे प्रथिन सापडले की रोगी किती जगेल, त्याला कोणते औषध लागू पडेल हे सांगता येते, अशा बातम्या आपण वारंवार वाचतो. त्या संदर्भात दोन शोधनिबंध शेजारी ठेवून वाचण्याजोगे आहेत. दोन्ही ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधले, एक २००६ चा, दुसरा २०१३ चा, काही लेखकही तेच.

विषय फुप्फुसाच्या कर्करोगाचा. सिसप्लॅटिन हे औषध पेशीच्या डीएनएला इजा करते. ईआरसीसी-१ हे प्रथिन ती दुरुस्त करण्यास मदत करते. तेव्हा हे प्रथिन नसलेल्या अर्बुदावर औषध अधिक चालेल, हा तर्क सरळ आहे. पहिल्या निबंधात ७६१ अर्बुदांचे छेद ८एफ१ या प्रतिपिंडाने तपासले. प्रतिपिंड चिकटले की तिथे रंग उमटतो. प्रथिन नसलेल्यांना औषधाचा फायदा दिसला, असलेल्यांना नाही. उलट, औषध न घेतलेल्यांत प्रथिन असलेलेच जास्त जगले! भवितव्य सांगणे आणि औषधाचा उपयोग सांगणे हे दोन निराळे प्रश्न आहेत. वर्तमानपत्रे त्यांची सरमिसळ करतात. निबंधाने ती केली नाही, हे त्याचे श्रेय.

पण रंग म्हणजे ईआरसीसी-१च, हे गृहीत धरले गेले. लिटमससुद्धा आपण आधी माहीत असलेल्या आम्लात बुडवून पाहतो. ८एफ१ दुसऱ्याही प्रथिनाला चिकटते, असा आक्षेप २००७ मध्येच त्याच नियतकालिकात पत्ररूपाने आला होता.

२०१३ च्या निबंधात इतर दोन चाचण्यांतील ४९४ रुग्णांवर पडताळा घेतला. तो जुळला नाही. मग जुने नमुने पुन्हा रंगवले. पूर्वी ४४ टक्के ‘आहे’ गटात होते, आता ७७ टक्के! अर्बुदे तीच, प्रतिपिंडाचे नावही तेच. त्याचे वागणे मात्र बदलले असावे, असे लेखक म्हणतात. शिवाय या प्रथिनाची रूपे चार, त्यांतले एकच दुरुस्तीचे काम पुरते करणारे, आणि तपासलेल्या १६ प्रतिपिंडांपैकी एकालाही ते वेगळे ओळखता आले नाही.

स्वतःचाच निष्कर्ष असा उकलून दाखवणारा हा दुसरा निबंध मला अधिक मोलाचा वाटतो. उशीर मात्र झाला. फ्रान्समधल्या ‘टेस्ट’ नावाच्या चाचणीत एका गटातील रुग्णांचे औषध याच रंगावरून ठरत होते. रंग उमटलेल्यांना, काही अपवाद वगळता, नुसते देखरेखीखाली ठेवले होते. तिचा तिसरा टप्पा रद्द करावा लागला.