इंग्रजी गांवदेऊळ आणि कुलाब्याचा मनोरा

इंग्रजी घेऊन बी. ए. झालेल्या मागल्या पिढ्यांतील पदवीधरांपैकीं ग्रे कवीची १७५१ सालची विलापिका ज्यानें वाचली नाहीं असा विरळाच. त्या कवितेंतील संध्याकाळ, घंटानाद, थडग्यांचें आवार यांवर परीक्षेंत प्रश्न येत आणि विद्यार्थी त्यांचीं उत्तरें बिनचूक लिहीत. पण तें देऊळ कसें असतें, तें कोणीं बांधलें, त्याचें छप्पर गळूं लागलें तर खर्च कोणीं करावयाचा, हें ना परीक्षक विचारीत ना अध्यापक सांगत. परिणाम असा झाला कीं, इंग्रजी गांवचें देऊळ म्हणजे टोंकदार कमानी, रंगीत कांचा व उंच मनोरा एवढेंच समीकरण आमच्या सुशिक्षित वर्गाच्या मनांत बसलें, आणि त्याचा नमुना म्हणून कुलाब्याच्या अफगाण चर्चकडे बोट दाखविण्याची चाल पडली. हें बोट भलत्याच ठिकाणीं दाखविलें जातें असें आमचें मत आहे.

प्रथम मूळ वस्तु पाहूं. ‘मध्ययुगीन अँग्लिकन देऊळ’ हा शब्दप्रयोग इंग्रजी पुस्तकांतून सर्रास आढळतो. परंतु काटेकोरपणें पाहतां तो वदतोव्याघातच म्हटला पाहिजे. आठव्या हेन्रीनें रोमच्या पोपचें वर्चस्व कायद्यानें झुगारून दिलें तें १५३४ सालीं. ज्या भिंती त्यापूर्वीं तीन-चारशें वर्षें उभ्या होत्या त्या अर्थातच रोमच्या उपासनापद्धतीसाठीं उभारलेल्या होत्या. भिंती राहिल्या, आंतील पंथ बदलला. हेन्रीचा मुलगा सहावा एडवर्ड याच्या अमदानींत मूर्ति बाहेर निघाल्या, भिंतींवरील चित्रांवर चुना फिरला, दगडी वेदीच्या जागीं लांकडी मेज आलें. पुढें राणी मेरीनें तें सारें उलट फिरविलें आणि एलिझाबेथनें पुन्हां सुलट केलें. एकाच माणसाच्या आयुष्यांत त्याच्या गांवच्या देवळानें हे सर्व पालट सोसले.

या देवळाची मांडणी कोंकणांतील वाचकास समजण्यास मुळींच कठीण नाहीं. मधोमध लांबट दालन, त्याच्या दोहों अंगांस खांबांच्या रांगेपलीकडे पडव्या, पूर्वेच्या टोंकास वेदीचें अरुंद दालन, पश्चिमेस बहुधा घंटेचा मनोरा, दक्षिणेस देवडी. ज्यानें कार्ल्याचें चैत्यगृह पाहिलें आहे त्यानें यांतील अर्धी मांडणी पाहिलीच आहे. फर्ग्युसनसारख्या वास्तुपंडितानें कार्ल्याच्या लेण्याची तुलना नॉर्विच येथील महामंदिराच्या पूर्वभागाशीं केली, ती उगाच नव्हे; लांबीरुंदीचीं मापेंही जवळजवळ जुळतात. फरक इतकाच कीं, कार्ल्यास दालन डोंगरांतून कोरून काढलें, आणि तिकडे दगडावर दगड रचून उभें केलें.

पण आमच्या मतें या देवळाचा खरा मर्मभाग कमानींत नसून एका जुन्या वहिवाटींत आहे. वेदीच्या दालनाची डागडुजी गांवच्या धान्याचा दशमांश घेणाऱ्या धर्माधिकाऱ्यानें करावयाची, आणि मधल्या दालनाची गांवानें. एकाच छपराखालीं दोन मालक, दोन थैल्या! मधलें दालन गांवाचें असल्यामुळें तेथें उपासनेखेरीज गांवच्या बैठका भरत, प्रसंगीं उत्सवाची दारूही वांटली जाई. ही वहिवाट किती चिवट आहे पाहा : सोळाव्या शतकांत मठ मोडून त्यांच्या जमिनी खासगी मालकांकडे गेल्या, तेव्हां दुरुस्तीचें ओझेंही त्या जमिनींबरोबर गेलें, आणि वॉरिकशायरमधील ॲस्टन कँटलो गांवच्या देवळाच्या खटल्यांत २००३ सालीं लॉर्डांच्या सभेनें तें ओझें एका शेतमालक दांपत्यावर कायम केलें. आपल्याकडील इनामदार हें वाचून अंमळ सचिंत झाले असते.

डेव्हन परगण्यांतील मॉरबॅथ हें तेहतीस घरांचें गांव. तेथें क्रिस्टोफर ट्रिकी नांवाचा पाद्री १५२० पासून १५७४ पर्यंत, म्हणजे चोपन्न वर्षें, एकाच देवळाची सेवा करीत होता. चार राज्यें व तितकेच धर्माज्ञांचे पालट त्यानें पाहिले. देवळाचे हिशेब तो स्वतः लिही व गांवापुढें वाचून दाखवी. ईमन डफी या इतिहासकारानें २००१ सालीं त्या हिशेबांवर जो ग्रंथ लिहिला तो आमच्या वाचकांनीं अवश्य मिळवून वाचावा. त्यांत देवळाच्या मेंढ्या आहेत, त्या कोणत्या घरीं पोसल्या जातात हें आहे, कुमारींचा निराळा फंड आहे, तरुणांचा निराळा आहे. १५४९ सालीं नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध पश्चिमेकडे बंड झालें, तेव्हां या चिमुकल्या गांवानें पांच तरुण बंडांत धाडले. देऊळ गांवाचें होतें म्हणजे काय, हें या पांच माणसांवरून कळतें.

आतां कुलाब्यास येऊं. १८३९ सालीं केंब्रिज येथें कॅम्डन सोसायटी म्हणून एक मंडळी स्थापन झाली. चवदाव्या शतकाच्या आरंभीची गॉथिक शैली तीच काय ती खरी ख्रिस्ती शैली, असा तिचा आग्रह. ऑक्सफर्डासही याच मताची मंडळी होती. सिंध व अफगाणिस्तानांतील मोहिमांत जे पडले त्यांचें स्मारक मुंबईस उभारावयाचें ठरलें, तेव्हां आराखडा ऑक्सफर्डहून मागविण्यांत आला. तेथील डेरिक या वास्तुकारानें काढलेला आराखडा फार खर्चाचा ठरला, आणि शेवटीं काम हेन्री कॉनीबेअर या इंजिनियराकडे आलें. (मुंबईस पाणी पुरविणाऱ्या विहार तलावाची योजनाही याच गृहस्थाची.) १८४७ सालीं कोनशिला बसली, १८५८ च्या जानेवारींत प्रतिष्ठापना झाली, आणि सुमारें दोनशें फूट उंचीचा मनोरा पुरा होण्यास १८६५ साल उजाडलें. वेदीमागील पडदा व फरसबंदी यांचे नमुने बटरफील्डसारख्या नामांकित वास्तुकाराचे. मनोऱ्यास ज्यांनीं पैसा दिला त्यांत सर कावसजी जहांगीर रेडीमनी हे पारशी गृहस्थही होते.

इमारत सुंदर आहे, यांत आम्हांस शंका नाहीं. समुद्रावरून येतांना तो मनोरा दृष्टीस पडला कीं नाविकांस दिशा कळे, अशी त्याची ख्याति. आंत गेल्यावर रुंद कमानींमुळें दालन मोकळें वाटतें. रंगीत कांचांतून येणारा उजेड मुंबईच्या भर दुपारींही डोळ्यांस निवविणारा आहे. परंतु वेदीच्या दालनापाशीं उभें राहून भिंती वाचाव्या. पडलेल्या अधिकाऱ्यांचीं नांवें तेथें कोरलीं आहेत. सामान्य शिपायांची संख्या फार मोठी, म्हणून त्यांचीं नांवें देतां आलीं नाहींत, असा स्पष्ट खुलासा खालीं केला आहे. मॉरबॅथच्या हिशेबांत मेंढीगणिक नोंद आहे; येथें माणसागणिकही नाहीं. आमचा आक्षेप कलेवर नसून या इमारतीस ‘इंग्रजी गांवचें देऊळ’ म्हणण्यावर आहे. गांवाच्या देवळाचा सांचा आला, पण गांव आला नाहीं. सैन्याची छावणी म्हणजे गांव नव्हे. ती आज येथें, उद्यां पेशावरास. गॉथिकचें मर्म साध्या पाथरवटाच्या मोकळ्या हातांत आहे, असें रस्किननें १८५३ सालीं लिहिलें. त्याच सुमारास कुलाब्यास भिंती चढत होत्या, पण तेथील पाथरवटास हात मोकळा सोडण्याचा प्रश्नच नव्हता. त्यानें नकाशाप्रमाणें दगड घडवावयाचा.

आम्ही राहतों त्या कोपरीहून रेल्वे ओलांडून ठाण्यांत गेलें म्हणजे सेंट जेम्सचें लहानसें देऊळ लागतें. कलकत्त्याचे बिशप रेजिनाल्ड हीबर यांनीं १८२५ सालीं त्याची प्रतिष्ठापना केली. म्हणजे कॅम्डन सोसायटीच्या चवदा वर्षें आधीं. हीबरसाहेबांनीं आपल्या प्रवासवर्णनांत ठाणें टुमदार व भरभराटीचें असल्याचें लिहून तेथील खारवलेल्या डुकराच्या मांसाचीही तारीफ केली आहे; त्या पुस्तकाची ओळख करून देणारे आमचे लेखक हा भाग हटकून गाळतात. १९७० सालीं उत्तर भारतांतील अँग्लिकन व इतर पंथ एकत्र होऊन उत्तर भारताचें चर्च स्थापन झालें. तेव्हांपासून ‘अँग्लिकन’ हें नांवही येथें इतिहासजमा झालें. भिंती पुन्हां एकदां पंथाहून टिकाऊ ठरल्या. आणि मध्ययुगच हवें असेल तर ठाण्यास त्यासाठीं कुलाब्याकडे पाहण्याचें कारण नाहीं. १३२१ सालीं चार फ्रान्सिस्कन साधु येथें एका नेस्टोरियन ख्रिस्ती कुटुंबाच्या घरीं उतरले होते व येथेंच मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डानस यानें त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले. म्हणजे वास्को द गामा येण्यापूर्वीं पावणेदोनशें वर्षें ठाण्यांत ख्रिस्ती घर होतें, आणि त्या घराचा एक दगडही आज दाखवितां येत नाहीं.

इंग्लंडांत कॅम्डन मंडळींच्या उत्साहाचा एक दुष्परिणाम झाला. ‘शुद्ध’ शैलीच्या हव्यासानें जुन्या देवळांतील मागाहून आलेलीं कामें खरवडून काढण्यांत आलीं. शेंकडों वर्षांचे थर जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं गेले. विल्यम मॉरिसनें चिडून १८७७ सालीं प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठीं संस्था काढली. तिचें मागणें इतकेंच कीं, गळतें तें थांबवा, पडतें त्यास टेकू द्या, पण जुनें नवें करूं नका. हा वाद आम्हांस परका वाटूं नये. अंबरनाथचें १०६० सालचें शिवालय सरकारनें संरक्षित केलें आहे, तेव्हां त्याची काळजी पुरातत्त्व खातें वाहील. पण तें राजाचें देऊळ, शिलाहारांनीं बांधलें. मॉरबॅथशीं ज्याचें खरें नातें तें गांवदेवीचें देऊळ, घरटी वर्गणीचें, आणि त्याचा वाली कोणी नाहीं. ठाणें-कल्याणच्या आसपासच्या गांवठाणांतून हीं देवळें आज एकामागून एक संगमरवरी फरशी व चकचकीत रंग लेवून नवीं होत आहेत. लांकडी खांब जळणास जातात, आणि खांबावर कोणाच्या आज्यानें काय कोरलें होतें तें विचारावयास कोणी उरत नाहीं. आमची सूचना अगदीं माफक आहे. खांब राहोत न राहोत, पण जीं वर्गणीचीं जुनीं बाडें अजून कोण्या पाटलाच्या वा पुजाऱ्याच्या पेटींत असतील तीं आपल्या महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनीं सुट्टींत जाऊन उतरून घ्यावीं. कोणीं किती भात दिलें, कोणीं नारळ दिले, कोणीं नुसती अंगमेहनत दिली, हें त्यांत लिहिलेलें असतें.