‘नेता-पेशी’ : एका संज्ञेची चिकित्सा

पेशींच्या सामूहिक स्थलांतराच्या विवेचनात अग्रभागीच्या पेशीस ‘नेता’ व मागील पेशींस ‘अनुयायी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे. संज्ञा सोयीची खरी. परंतु ती कार्यकारणभावाचा निर्णय आधीच देऊन टाकते.

ट्रेपाट प्रभृतींनी २००९ मध्ये पेशीस्तराचे कर्षणबल मोजले, तेव्हा ते कडेपासून कित्येक रांगा मागेपर्यंत पसरलेले आढळले. शेजारी पेशींमधील ताण ज्या दिशेस सर्वाधिक, त्या दिशेस पेशी सरकते, असे तांबे प्रभृतींनी २०११ मध्ये दाखविले. विश्वकर्मा प्रभृतींच्या २०१८ च्या निबंधानुसार तर मागील पेशींतील बलेच ‘नेत्या’ची निवड आधी ठरवितात. जोतिबाच्या चैत्री यात्रेत सासनकाठी एक जण पेलतो. तोल मात्र चहूंकडून ताणून धरलेले दोर राखतात.

तथापि संज्ञा सर्वस्वी त्याज्य नव्हे. झेब्रा माशाच्या पार्श्वरेषेच्या पेशीपुंजात अग्रपेशींचे दिग्दर्शक कार्य प्रयोगसिद्ध आहे. म्हणून ‘अग्रपेशी’ हा स्थानवाचक शब्द सर्वत्र योजावा. ‘नेता’ हे पद जेथे मार्गदर्शन सिद्ध झाले असेल तेथेच द्यावे. कर्करोगाच्या प्रसाराचा अभ्यास करताना हा विवेक सुटल्यास दृष्टी आघाडीवरच खिळेल आणि मागील कारण अलक्षित राहील.