वसाहतीचा सिद्धान्त आणि काळी काच

इटालियन अभ्यासक कार्लो कॉन्ती रोस्सिनी यांचा इथिओपियाच्या इतिहासावरील ग्रंथ १९२८ साली प्रसिद्ध झाला. दक्षिण अरबस्तानातून, म्हणजे आजच्या येमेनमधून, काही टोळ्या तांबडा समुद्र ओलांडून इथिओपियाच्या पठारावर गेल्या आणि त्यांनी तेथे लिपी, मंदिरे व राज्यव्यवस्था नेली, असे त्यांचे प्रतिपादन. त्यांपैकी एका टोळीचे नाव 'हबशत'. आपला 'हबशी' शब्द याच कुळातला. पुढे कित्येक दशके पाठ्यपुस्तकांतून हेच उतरत राहिले. आमचा आक्षेप निष्कर्षाइतकाच त्यामागील तर्कावर आहे.

पुरावा वरवर सबळ दिसतो. येहा येथील मंदिर इ.स.पू. सातव्या शतकाच्या सुमाराचे, घडीव दगडांचे, चुन्यावाचून रचलेले. तेथील देव अल्मकह आणि लेखांची लिपी ही दोन्ही येमेनमधील सबा राज्याची. पण मंदिर फार तर कारागीर कोठून आले व राजाने कोणता देव पत्करला, एवढेच सांगेल. प्रजा कोठली, हे घरातल्या मडक्यांना विचारावे. आणि येहातील मडक्यांत स्थानिक घडण ठळक आहे. वुक्रो गावाजवळ अलीकडे सापडलेल्या अल्मकहच्या मंदिरातील लेखात तर राजा पित्याबरोबर मातेचेही नाव सांगतो. सबाच्या राजलेखांत ही रीत नाही.

त्याहून बोलका पुरावा ऑब्सिडियनचा. लाव्हा झटकन थिजला की ही काळी काच बनते. तिच्या कपच्यांना वस्तऱ्यासारखी धार येते. तिच्यातील झिर्कोनियम, रुबिडियम अशा मूलद्रव्यांचे अत्यल्प प्रमाण ज्वालामुखीगणिक बदलते, त्यामुळे कपचीचे मूळ गाव ओळखता येते. येमेनच्या तिहामा किनारपट्टीवरील प्रागैतिहासिक वस्त्यांत मिळालेल्या कित्येक कपच्या आफ्रिकेतल्या दगडाशी जुळल्या. म्हणजे येहाच्या मंदिराआधी हजारो वर्षे माल उलट दिशेने जात होता! बाब-एल-मंदेबची सामुद्रधुनी तरी केवढी? जेमतेम तीस किलोमीटर.

१९२८ साली हे रसायनशास्त्र हाताशी नव्हते, हे ग्रंथकर्त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. मात्र ते स्वतः इटलीच्या एरिट्रिया वसाहतीत अधिकारी होते. 'बाहेरून आलेल्यांनी सुधारणा आणली' ही कल्पना त्यांना सहज पटली असावी, असे आम्हांस वाटते.

पुढे रोडोल्फो फात्तोविच यांनी दोन्ही किनाऱ्यांवरील मडक्यांच्या साम्यावरून इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातील एक 'आफ्रो-अरबी' संस्कृतिसमूह सुचविला. नकाशावरचा बाण त्यांनी दुतोंडी केला, हे चांगलेच. तरी मडक्यावरची नक्षी सारखी म्हणून माणसे एक, असे कोणी त्यातून काढू लागला, तर मंदिराच्या बाबतीत झालेली चूकच पुन्हा होईल. नक्षी बाजारातही उचलता येते.