आवाहनपत्राचे गद्य आणि दात्याचे नाते

वाङ्मयविचारात पत्र, चरित्र आणि प्रवासवर्णन यांना स्थान मिळाले. परंतु संस्थेने दात्यास लिहिलेले आवाहनपत्र आणि वर्षाअखेरीस त्यास धाडलेला अहवाल ही दोन गद्यरूपे समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिली. त्यांच्यामागे पैशाची अपेक्षा आहे, म्हणून ती वाङ्मय नव्हेत, असे सामान्यतः गृहीत धरले जाते. हे गृहीत टिकणारे नाही. कीर्तनातील आख्यान संपल्यावर आरतीचे ताट श्रोत्यांमधून फिरतेच. तेवढ्यासाठी आख्यानाचे गुणदोष पाहण्याचे कोणी टाळत नाही.

अलीकडे या गद्यप्रकाराचे स्वतंत्र शास्त्र झाले आहे आणि त्यास सामाजिक संस्थांचे विपणन असे नाव आहे. दात्याला त्याच्या नावाने हाक मारावी, एकाच मुलाची गोष्ट सांगावी, आकडेवारी मागे ठेवावी, पोचपावती तत्काळ धाडावी, एकदाच मोठी देणगी मागण्यापेक्षा दरमहा थोडी मागावी, असे त्याचे नियम आहेत. यंत्र हजारो पत्रांत हजारो नावे बिनचूक घालते आणि प्रत्येक पत्र जणू एकट्यालाच लिहिले आहे असा भास निर्माण करते. या साऱ्यातून दात्याशी ‘खरे नाते’ जोडावयाचे असते. हे नाते कोणाचे कोणाशी, आणि ते जोडताना तिसऱ्या माणसाचे, म्हणजे ज्याच्या नावाने पैसा मागितला त्याचे काय होते, हा समीक्षेचा प्रश्न आहे.

या प्रश्नाच्या विचारास अहमदनगर जिल्ह्याइतके (२०२४ पासून अहिल्यानगर) भरघोस साहित्य महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच मिळेल. ज्यांचे नाव आता जिल्ह्यास मिळाले त्या अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातील चौंडीचा. काशी-गयेपासून दूरदूरच्या क्षेत्री त्यांनी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधविल्या. तेथे दाता स्वतःच निघून घेणाऱ्याकडे गेला होता. आवाहनपत्राचा जन्म या उलट परिस्थितीत होतो: गरज एका ठिकाणी, पैसा समुद्रापलीकडे, आणि दोहोंमध्ये केवळ कागद.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगर येथे ठाणे घातले. तेव्हापासून येथील मिशनऱ्यांची पत्रे व रोजनिशीतील उतारे अमेरिकन बोर्डाच्या ‘मिशनरी हेरल्ड’ या मासिकातून न्यू इंग्लंडमधील वाचकांपर्यंत पोचू लागले. हे मासिक वाचणारा शेतकरी वा शिक्षिका हीच त्या कार्याची आश्रयदाती. आजच्या विपणनशास्त्राने नवे म्हणून सांगितलेले पुष्कळसे त्या पत्रव्यवहारात आधीच आहे: एका व्यक्तीची गोष्ट, संकटाचे चित्र, थोडी आशा, आणि आणखी मदतीची निकड. बोर्डाच्या सिलोनमधील शाळांत तर एक पाऊल पुढे जाऊन दात्याने ज्या मुलाचा खर्च उचलावा त्यास स्वतःच्या पसंतीचे नाव द्यावे असा प्रघात पडला. त्यामुळेच जाफन्याच्या तमिळ विद्वानांच्या यादीत कॅरोल विश्वनाथ पिळ्ळै आणि अर्नोल्ड सदाशिवम् पिळ्ळै अशी नावे भेटतात. दात्याशी नाते जोडण्याचा याहून पक्का उपाय कल्पिणे कठीण. मात्र त्या नात्याची किंमत मुलाने स्वतःच्या नावातून मोजली. आज मुलास दत्तक घेण्याच्या योजनांत नाव बदलत नाहीत. छायाचित्र धाडतात, वर्षातून एक पत्र लिहवून घेतात. पद्धत सौम्य झाली. मुलाने दात्याच्या समाधानासाठी काही द्यावे ही अपेक्षा मात्र गेलेली नाही.

या अहवालांचा मोठा दोष अतिशयोक्तीचा नव्हे, हिशेबाच्या खात्यांचा आहे. जोतीराव फुले यांनी अहमदनगर येथे मिस सिंथिया फॅरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यास स्वतः शाळा काढली. सावित्रीबाईंच्या शिक्षणाशीही फॅरारबाईंचे नाव निगडित आहे. न्यू इंग्लंडमधील कोणा अनामिक बाईने या शाळेसाठी दिलेल्या पैशाचे एवढे थोर फळ दुसरे दाखविता येणार नाही. पण धर्मांतराच्या हिशेबात या घटनेस खाते नव्हते. जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. मिशनच्या दृष्टीने ते केवळ एक पाहुणे. ज्या अहवालात फलितांचे रकाने आधीच आखलेले असतात, त्यात खरे फलित येऊन बसले तरी दिसत नाही. आजच्या अहवालांतील ‘लाभार्थी संख्या’ या रकान्याची गत याहून वेगळी मानण्याचे कारण नाही.

खुद्द बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांना या परावलंबनाची काळजी होती. स्थानिक मंडळ्यांनी स्वतःच्या पैशावर आणि स्वतःच्या पाळकांवर उभे राहावे हा त्यांचा आग्रह होता. १८५४-५५ च्या हिंदुस्थान दौऱ्यात त्यांनी त्या दिशेने निर्णयही घेतले. म्हणजे एकाच संस्थेत एक हात स्वावलंबनाचा उपदेश लिहीत होता आणि दुसरा हात मदतीची विनंती. या विसंगतीला दांभिकपणा म्हणणे अन्यायाचे होईल. विनंतीचे गद्य गरजेवर जगते. गरज संपल्याची बातमी देण्यास त्याच्यापाशी शब्दच कमी असतात.

१८९९-१९०० च्या दुष्काळाने या गद्याचे स्वरूप पालटले. आता छायाचित्र आले. तत्पूर्वी १८७६-७८ च्या दुष्काळात मद्रास इलाख्यात हूपर या लष्करी अधिकाऱ्याने घेतलेली अस्थिपंजर देहांची चित्रे प्रसिद्ध झाली होती. १९०० मध्ये न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकाने तशाच चित्रांच्या आधारे वर्गणी जमविली आणि ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून मका मुंबईस पाठविला. मदतीच्या वाटपात अहमदनगरचे रॉबर्ट ॲलन ह्यूम अग्रभागी होते. त्या मक्याने माणसे जगली, ही गोष्ट कोणत्याही समीक्षेपेक्षा मोठी आहे. तथापि छायाचित्रातील माणसाला नाव नाही, गाव नाही. तो केवळ भुकेचा नमुना आहे. त्याच नगरचे, त्याच मिशनच्या आवारातले जग लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त पाहावे. तेथे माणसे भांडतात, हट्ट करतात, हसवतात. लक्ष्मीबाईंना कोणाकडून काही मागावयाचे नव्हते, एवढ्याने हा भेद उलगडत नाही. आपण ज्यांच्याविषयी लिहितो ती माणसे हे वाचतील याची त्यांना खात्री होती. अहवाललेखकास ती खात्री नव्हती, आणि बहुधा तशी कल्पनाही नव्हती. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडली, त्या निर्णयामागे धर्मचिंतन होतेच; पण परदेशी पैशाने बांधलेल्या नात्याबद्दलची अस्वस्थताही त्यात वाचता येते.

देशी परंपरेत याला पर्याय होता काय? कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेचा मुष्टिफंड या संदर्भात नेहमी सांगितला जातो. घरातील बाईने दळण्यापूर्वी मूठभर धान्य बाजूस काढावयाचे आणि ते वसतिगृहातील मुलांच्या पोटात जावयाचे. संस्था साताऱ्याची, पण तिच्या शाळा-महाविद्यालयांचे जाळे नगर जिल्ह्यातही दूरवर पसरले. मुष्टिफंडास पत्र लागत नाही, छायाचित्र लागत नाही. देणारी आणि घेणारा एकाच रस्त्यावर भेटतात. शिवाय साताऱ्याच्या १९२४ च्या छत्रपती शाहू बोर्डिंगात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत. म्हणजे मूठ देणारीने नकळत त्या पंक्तीसही संमती दिली. मुष्टिफंडाचे गोडवे गाताना हे सहसा विसरले जाते. पण हा उपाय मुठीएवढाच आहे. त्यातून इस्पितळ उभे राहत नाही. (शिर्डीची गोष्ट आणखी निराळी. तेथे भक्त नवस फेडावयास येतो. संस्थानास विनवणी करावी लागत नाही, आणि म्हणून या गद्यप्रकारात शिर्डीची भर जवळजवळ नाही.)

या दोन टोकांमधील सर्वांत विचारार्ह लेखन जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात त्याची हकीकत आली, १९७९ मध्ये उभयतांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि १९९४ मध्ये त्यांचे ‘जामखेड’ हे इंग्रजी पुस्तक निघाले. पुस्तक दात्यांसाठी म्हणून लिहिलेले नाही. तथापि परदेशातील कितीतरी हितचिंतकांनी जामखेडशी नाते जोडले ते असल्या लेखनातून. या लेखनात डॉक्टर नायक नाहीत. प्रशिक्षित परिचारिका खेड्यात टिकत नाहीत हे अपयश ते सरळ सांगतात. मग गावच्याच, बहुतेक निरक्षर, त्यांत अनेक दलित स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या करण्याचा मार्ग कसा सापडला ते येते. हातपंपाच्या जागा दलित वस्तीत निवडल्या, म्हणून सवर्णांस पाण्यासाठी तिकडे यावे लागले, हा प्रसंग तर कादंबरीत शोभेल असा आहे. दुष्काळी चित्रातील मूक देहाच्या जागी येथे बोलणारी बाई आली. त्यांपैकी एकीने वॉशिंग्टन येथील परिषदेत सभागृहातील झुंबरांकडे बोट दाखवून डॉक्टरांची तुलना झुंबराशी आणि आपली तुलना साध्या दिव्याशी केली. एक दिवा दुसरा दिवा लावू शकतो, झुंबराला ते साधत नाही, असा तिचा आशय होता. दृष्टांत कीर्तनपरंपरेतला, श्रोते परके. पण त्या क्षणी मदत मागणारी आणि मदत देणारे यांच्या जागा बदलल्या होत्या.

दोष नाहीत असे नव्हे. त्या स्त्रियांचे बोलणे इंग्रजीत उतरताना एकसारखे झाले आहे. मराठवाड्याच्या सीमेवरील बोलीची धार तेथे उरत नाही. कहाण्यांची ठेवणही ठरीव आहे: पूर्वी असे होते, आता असे आहे. दोन-चार कहाण्या सलग वाचल्या की पुढचीचा शेवट आधीच कळतो. तरीही मोठा गुण हा की, हे लेखन जामखेडच्या एखाद्या गावात मराठीत वाचून दाखविले तर कोणास मान खाली घालावी लागणार नाही.

ही कसोटी आजच्या विपणनास लावली असता अडचण स्पष्ट होते. स्मॉल, लोवेनस्टीन आणि स्लोविक यांच्या २००७ च्या प्रयोगात मालीतील रोकिया या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट वाचणाऱ्यांनी, लक्षावधी भुकेल्यांची आकडेवारी वाचणाऱ्यांपेक्षा अधिक देणगी दिली. गोष्टीस आकडेवारीची जोड दिली तेव्हा रक्कम घटली. निष्कर्ष खरा आहे. पण त्यातून ‘एकाचा चेहरा दाखवा, कारणे सांगू नका’ हा लेखननियम निघाला, तो मात्र घातक आहे. नगरमधील ‘स्नेहालय’ १९८९ पासून वेश्याव्यवसायातील स्त्रिया, त्यांची मुले आणि एचआयव्हीबाधित यांच्यासाठी काम करते. अशा क्षेत्रात चेहरा दाखविण्याचा मार्ग कायद्यानेच बंद आहे: २०१५ च्या बालन्याय कायद्याने मुलाची ओळख प्रकट करण्यास मनाई केली आहे आणि २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने बाधितांच्या गोपनीयतेचे रक्षण केले आहे. येथे लेखकास गोष्ट सांगावयाची तर कामाची सांगावी लागते: दार कोणी ठोठावले, रात्री कोण जागे होते, शाळेत नाव घालताना बापाचे नाव विचारले तेव्हा काय केले. विपणनाच्या पोथीत ही उणीव ठरेल. वाङ्मयीन दृष्टीने ते बंधन उपकारक आहे. चांगले गद्य नेहमी अशाच अडचणीत लिहिले गेले आहे.

दरम्यान दाताही बदलला. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांस नफ्याच्या सरासरीच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यास देणे बंधनकारक केले. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी प्रथम दिल्लीतील स्टेट बँकेच्या एकाच शाखेत जमा व्हावी लागते आणि ती एका संस्थेने दुसरीस देता येत नाही. मोठ्या संस्थेमार्फत नगरच्या एखाद्या लहान संस्थेस पूर्वी मिळू शकणारा असा पैसा त्यामुळे तुटला. परिणामी लहान संस्थेचा चिटणीस आज दोन भाषा लिहितो: कंपनीसाठी तक्त्यांची, आणि पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय दात्यासाठी मोबाईलवरील चार ओळींच्या संदेशाची. पहिलीत माणूस नसतो आणि दुसरीत कारण नसते. पूर्वी वार्षिक अहवालात ‘संस्थेचे निवेदन’ म्हणून चिटणीस पाच-सहा पाने स्वतःच्या हाताने लिहीत असे. त्यात यंदा पाऊस कसा झाला, कोणती विहीर आटली, कोणता शिक्षक सोडून गेला, हे सारे असे. जिल्ह्यातील जुन्या संस्थांच्या कपाटांतून असे अहवाल अद्याप पडून असतील, तर मराठी गद्याच्या अभ्यासकाने ते वाळवीच्या आधी गाठावयास हवेत.