आसनसिद्धी

पतंजलींनी आसनाच्या दोनच अटी घातल्या: ते स्थिर असावे आणि सुखाचे असावे. अंधेरीच्या सीटवाल्याला त्यातली दुसरीच ठाऊक असते. "साहेब, बसून तर बघा, लोणी आहे लोणी!" बसलो. लोणीच होते. पण लोण्याचा धर्म वितळण्याचा! मऊ स्पंज दुकानात पाच मिनिटे लाड करतो. पेण येईपर्यंत त्याचा पापड होतो आणि आपली बुडाची दोन हाडे थेट खालच्या पत्र्याशी बोलणी सुरू करतात.

म्हणून सीट जरा घट्टच हवी. मागे रुंद, म्हणजे भार वाटला जातो. पुढे निमुळती, म्हणजे सिग्नलला पाय टेकतात. पुढे उतार असला, तर दर ब्रेकला आपण टाकीवर! जुन्या बुलेटच्या खोगिराखाली स्प्रिंगा असत. बरेचसे खड्डे त्या आपसातच मिटवीत.

माझा खरा आक्षेप निराळाच. ही सारी कलाकुसर चालवणाऱ्यापुरती; मागे वीतभर पट्टी. आमच्या सौ.नी गाडीवरून कोकणात येणेच सोडले, आणि सासुरवाडीला वाटते, आमचे काहीतरी बिनसले आहे! तेव्हा सीट घेताना मागच्या माणसाला आधी बसवा. चालवणाऱ्याला निदान धरायला हँडल तरी असते.